परतूरहून संभाजीनगरला : एका कुटुंबाने वसाहत कशी निवडली

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यातले पाच माणसांचे एक कुटुंब उन्हाळ्याच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरला राहायला आले. घरात पती-पत्नी, नुकतीच दहावी उत्तीर्ण झालेली मुलगी, चौथीत गेलेला मुलगा आणि गुडघेदुखी व मधुमेह असलेली आजी, म्हणजे गृहस्थांची आई. गृहस्थ जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. वाळूजमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांना देखभाल विभागात काम मिळाले, आणि मुलीला अकरावी विज्ञान शहरातच करायचे असल्याने एकट्याने खोली करून राहण्याऐवजी सगळ्यांनीच बिऱ्हाड हलवायचे ठरले. गावाकडची कोरडवाहू जमीन बटईने दिली असली तरी पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत ये-जा अटळ होती.

घर शोधताना या कुटुंबाने भाड्याचा आकडा विचारण्याआधी घरातल्या पाच जणांचा दिवस कसा जाईल हे एका वहीत मांडले, आणि त्यातही जी व्यक्ती दिवसभर घरात राहणार होती त्या आजीच्या दिवसाला सर्वांत जास्त वजन दिले. माझ्या मते त्यांचा निर्णय बऱ्यापैकी साधला तो यामुळेच. म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडतो आहे.

गावाकडच्या रस्त्याची ओढ

मराठवाड्यातून या शहरात येणारा माणूस बहुधा आपल्या गावाकडून येणारा रस्ता शहराला जिथे लागतो तिथेच थबकतो. जालना, परभणीकडची मंडळी मुकुंदवाडी, चिकलठाणा आणि सिडकोच्या बाजूला पुष्कळ आढळतात. बीड, गेवराईकडच्यांना बीड बायपास, सातारा, देवळाई जवळचे वाटते. वैजापूर, गंगापूरची माणसे वाळूज परिसरात, तर सिल्लोड, फुलंब्रीची हर्सूल आणि टीव्ही सेंटरकडे. यात भाबडेपणा नाही. पहिल्या वर्षी आजारपणात धावून येणारा, गॅसची टाकी उसनी देणारा, भाड्याच्या घरासाठी शब्द टाकणारा माणूस नात्यातलाच किंवा गावाकडचाच असतो.

या कुटुंबाचेही तसेच होते. पत्नीचा भाऊ बरीच वर्षे मुकुंदवाडीत राहत होता आणि त्याने आपल्याच गल्लीत दोन खोल्या पाहूनही ठेवल्या होत्या. भाडे ६,५०० रुपये. “दाजी, इकडंच या, गल्लीत सगळी आपलीच माणसं हायेत,” असा त्याचा आग्रह होता. शिवाय परतूर सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावर असल्याने गावाकडून पॅसेंजरने यायचे तर मुकुंदवाडीला उतरून चालत घरी जाता येते, हा मुद्दाही वजनदार होता.

अडचण दिशेची होती. मुकुंदवाडी शहराच्या पूर्वेला आणि वाळूज पश्चिमेला. मधले अंतर १८ ते २० किलोमीटरचे, आणि बराचसा रस्ता जालना रोडचा, म्हणजे शहरातली सर्वांत वर्दळीची वाट. गृहस्थांना कंपनीची बस मिळणार होती, त्यामुळे पेट्रोलचा प्रश्न नव्हता. पण पहिल्या पाळीला मुकुंदवाडीतून बस पकडायची तर पहाटे पाचच्या आधी उठणे आणि दुसऱ्या पाळीनंतर घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटणे ठरलेलेच होते. बसचे शेवटचे थांबे आणि वाळूजला लागून असलेले थांबे यांच्यात रोजचे दीड-दोन तास सहज जातात. हे तास पगारपत्रकात कुठेच दिसत नसल्याने माणसे ते हिशेबात धरत नाहीत.

मग वाळूजलाच का राहू नये, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. बजाजनगरची वसाहत कारखान्यांच्या कामगारांनीच भरलेली आहे, तिथले पाणी औद्योगिक विकास महामंडळाकडून येते, आणि ७,५०० रुपयांत बऱ्यापैकी घर मिळत होते. गृहस्थ एकटे असते तर मी त्यांना दुसरीकडे पाहूही नका असे सांगितले असते. परंतु मुलीला ज्या महाविद्यालयात प्रवेश हवा होता ते स्टेशन रोडच्या बाजूला होते आणि शिकवणी वर्ग त्याच्याही पुढे. संध्याकाळी शिकवणी सुटल्यावर सोळा वर्षांच्या मुलीने नगर नाका, छावणी, वाळूजजवळचे पंढरपूर या ट्रक आणि कंटेनरच्या रस्त्याने रोज परतायचे, याला घरातले कोणीच राजी नव्हते. आजीला साखरेच्या तपासणीसाठी आणि गुडघ्यांसाठी घाटी रुग्णालयात न्यायचे तर तेही शहराच्या आत.

पाणी

या शहरात वसाहत निवडायची म्हणजे मुख्यतः पाण्याची चौकशी करायची. शहराला पिण्याचे पाणी प्रामुख्याने पैठणच्या जायकवाडी धरणातून मिळते. धरण ५० किलोमीटरच्या आसपास दूर आहे आणि शहर धरणापेक्षा बरेच उंचावर वसलेले असल्याने पाणी पंपांनी चढवत आणावे लागते. वर्षानुवर्षे हा भार ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या दोन जुन्या जलवाहिन्यांनी वाहिला. २०११ च्या जनगणनेतच महापालिका हद्दीची लोकसंख्या पावणेबारा लाखांवर गेली होती. वाहिन्या मात्र बरीच वर्षे त्याच राहिल्या. फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्राची वीज गेली किंवा वाटेत कुठे वाहिनी फुटली की सगळे वेळापत्रक एक-दोन दिवसांनी पुढे सरकते. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि या मधल्या दिवसांना इथे सरसकट ‘गॅप’ म्हणतात. २५०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले, तेव्हा ती १,६८० कोटी रुपयांची होती. घरमालक आणि एजंट घर दाखवताना हमखास या योजनेचे नाव घेतात. भाडेकरूने ते ऐकून घ्यावे, पण आज हौदात काय पडते ते पाहूनच ठरवावे, असे माझे मत आहे.

पाण्याची चौकशी पत्नीने आपल्याकडे घेतली आणि एजंटला एका शब्दाने विचारले नाही. प्रत्येक वसाहतीत ती आधी पिठाच्या गिरणीवर गेली, कारण गिरणीवर डबा ठेवून थांबलेल्या बायकांना वेळही असतो आणि खोटे बोलण्याचे कारणही नसते. तिचे प्रश्न ठरलेले होते : पाणी किती दिवसांनी येते, किती वाजता सुटते, किती वेळ राहते, आणि मोटार न लावता येते का. शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा निघाला. ज्या गल्लीत प्रत्येक घर नळाला मोटार लावून पाणी खेचते, तिथे ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्या तोटीतून नुसती हवा येते, आणि पाणी सुटण्याच्या वेळी वीज नसेल तर सगळेच सारखे.

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत तेव्हा पाणी रात्री उशिरा सुटत होते. गृहस्थ रात्रपाळीला असतील, सून दिवसभराच्या कामाने झोपलेली असेल, तर पाण्याला उठणार कोण? हा विषय निघाला तेव्हा आजीने एवढेच म्हटले, “उठायचं कोणी, मीच ना?” त्या एका वाक्यानंतर मुकुंदवाडीची चर्चा थंडावली. भावाला वाईट वाटले, आणि तेही स्वाभाविक होते.

हौदाचा हिशेब मात्र गृहस्थांनी केला, आणि कारखान्यातला माणूस असल्याने नीट केला. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोजी १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. मलनिस्सारणाची व्यवस्था नसलेल्या ठिकाणी ७० लिटर. पाच माणसांना पहिल्या हिशेबाने रोज ६७५ आणि दुसऱ्या हिशेबाने ३५० लिटर लागतात. सात दिवसांचा गॅप पडला तर अनुक्रमे ४,७२५ आणि २,४५० लिटरचा साठा हवा. गारखेड्यात त्यांना एक चांगले, हवेशीर घर दाखवण्यात आले. अंगणातल्या हौदाचे लोखंडी झाकण त्यांनी उचलायला लावले, काठी आत सोडून खोली मोजली आणि टेपने लांबी-रुंदी घेतली : सहा फूट, पाच फूट आणि चार फूट. म्हणजे १२० घनफूट, सुमारे ३,४०० लिटर. हौद दोन भाडेकरूंत मिळून होता. वाट्याला १,७०० लिटर येणार, आणि काटकसरीनेही ते पाच दिवस पुरणार नव्हते, त्यापुढे टँकर. मालकाला हे मोजमाप काही आवडले नाही. “इतकं कोणी बघत नाही,” असे तो म्हणाला, आणि ते खरेच आहे. माणसे भिंतीचा रंग, फरशी, किचनचा ओटा पाहतात. हौदाचे झाकण क्वचितच कोणी उचलून पाहतो.

स्वस्त आणि नवे घर

सातारा-देवळाईचा पर्याय सर्वांत मोहाचा होता. रेल्वेमार्गाच्या दक्षिणेला, बीड बायपासच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेला हा भाग काही वर्षांपूर्वीच महापालिकेत आला. नव्या इमारतीत दोन बेडरूम, हॉल, किचन आणि गॅलरी असलेला फ्लॅट ९,००० रुपये भाड्याने मिळत होता. वाळूजला जाण्यासाठी शहरात शिरण्याचीही गरज नाही : बायपासने महानुभाव आश्रम चौक, तिथून लिंक रोडने थेट वाळूजच्या ए. एस. क्लबपाशी. मुलीला फ्लॅट फार आवडला. तिला स्वतंत्र खोली मिळणार होती.

तिथली अडचण उन्हाळ्यात गेल्यामुळेच दिसली. इमारतीची सारी भिस्त बोअरवर होती. आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात जेवढे पाणी साठेल तेवढेच बोअरला मिळते, आणि एप्रिल-मेमध्ये ते खाली जाते. वॉचमनने सांगितले की मार्चपासून टँकर चालू आहे आणि त्याची वर्गणी भाड्याच्या वेगळी आहे. वर्गणी, पिण्याच्या पाण्याचे जार आणि मुलीच्या रिक्षाचे पैसे मिळवले तर ९,००० चे घर १२,००० च्या पुढे जात होते. शिवाय फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट असली तरी वीज गेल्यावर ती बंद. आजी तिथे राहायला गेली असती तर खाली उतरलीच नसती. गावात ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलण्यात ज्या बाईचा दिवस गेला, तिच्यासाठी हा प्रश्न सोयीच्या पलीकडचा होता.

याच भागात एका नातेवाइकाने दुसरा प्रस्ताव आणला : भाडे कशाला भरता, जमिनीचा थोडा तुकडा विका आणि इथे प्लॉट घ्या. प्लॉट ‘बाँडवर’ होता. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून साध्या मुद्रांकावर लिहून देण्याची ही पद्धत शहराच्या कडेच्या अनेक वसाहतींच्या मुळाशी आहे. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. बाँडने मालकी येत नाही, फार तर पैसे दिल्याचा पुरावा राहतो. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पूर्वीच्या अशा वसाहती नियमित करण्याची वाट काढली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. त्यामुळे ‘आज ना उद्या नियमित होईलच’ हा विश्वास बळावला आहे. परंतु त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला या सवलतीचा आधार नाही, आणि नियमित झालेल्या गुंठेवारीतही शुल्क भरल्यानंतर रस्ता, नाली आणि नळ यांची वाट पाहावीच लागते. गृहस्थांनी सातबारा, अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन मागितले. नातेवाइकाने ‘कागद नंतर होतात’ असे सांगितल्यावर विषय तिथेच संपला. नवख्या माणसाने शहरात आल्या आल्या काहीच विकत घेऊ नये, निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने काढावा, असे मी स्वतः ठामपणे सांगत आलो आहे. उन्हाळ्यात पाणी कळते, आणि काळ्या मातीतल्या कच्च्या रस्त्यावर रिक्षावाला कुठपर्यंत यायला तयार होतो हे जुलैतच कळते.

सिडकोचाही विचार झाला. १९७० च्या दशकापासून आखून वसवलेला हा भाग, एन-१ पासूनच्या सेक्टरांचा. रस्ते सरळ, बागा, शाळा, दवाखाने हाताशी. तिथली भाडी त्यांच्या आवाक्याबाहेर होती, आणि वाळूजचे अंतर मुकुंदवाडीइतकेच होते. त्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नव्हते.

आडनावाचा प्रश्न

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होत नाही. घर दाखवण्याआधी बहुतेक ठिकाणी गाव विचारले गेले, मग आडनाव, आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तर ‘घरात काय चालतं’ असे आडून विचारले गेले. एका ठिकाणी आदल्या दिवशी रिकामे असलेले घर आडनाव कळल्यावर ‘कालच दिलं’ झाले. शहरातल्या वसाहती भाड्याच्या दराने जेवढ्या वेगळ्या झाल्या आहेत तेवढ्याच जातीने आणि धर्माने झाल्या आहेत. अनेक कुटुंबे अमुक वसाहतीत राहतात ती तिथे नकार मिळाला नाही म्हणून. गृहस्थांनी त्या जागेचा नाद सोडला. पत्नीच्या मनातून मात्र ती गोष्ट बरेच दिवस गेली नाही. निवडीविषयी लिहिताना प्रत्येकापुढे सगळा नकाशा मोकळा असतो असे गृहीत धरणे चुकीचे आहे.

निर्णय

वहीतल्या पाच वेळापत्रकांवर पुन्हा नजर टाकल्यावर सगळ्या रेघा महावीर चौकाच्या आसपास एकमेकींना छेदत होत्या. लोक या चौकाला बाबा पेट्रोल पंप म्हणूनच ओळखतात. वाळूजकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस शहरातून बाहेर पडताना इथून जातात. इथूनच एक रस्ता रेल्वे स्टेशनला, एक मध्यवर्ती बसस्थानकाकडे आणि एक क्रांती चौकाला जातो. मुलीचे महाविद्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आणि घाटी रिक्षाने जवळ. गावाकडून रेल्वेने आले तरी आणि एसटीने आले तरी उतरून फार लांब जावे लागत नाही. त्यामुळे त्यांनी जवळच्याच पदमपुऱ्याच्या जुन्या गल्ल्यांत चौकशी सुरू केली, जिथे जायचे त्यांना आधी कोणीच सुचवले नव्हते. कारण जुन्या वस्तीतली घरे एजंटच्या यादीत फारशी नसतात, ती तोंडी जातात. एका किराणा दुकानदाराकडून पत्ता मिळाला.

घर तळमजल्यावरचे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढे लहानसा ओटा. भाडे ९,५०० रुपये, म्हणजे सातारा परिसरातल्या फ्लॅटपेक्षा जागा कमी आणि पैसे जास्त. वर वयस्कर मालक जोडपे राहते. हौद गारखेड्यातल्याएवढाच, पण वाटेकरी दोनच माणसे. सात जणांना माणशी ७० लिटर धरून हौदातले पाणी जेमतेम सात दिवस आणि गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीसह नऊ दिवसांच्या आसपास पुरते. पाणी तेव्हा दुपारी सुटत होते.

कराराबाबत गृहस्थ अडून बसले. मालकाचे म्हणणे ‘विश्वासावर राहा’ असे होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, आणि करार लेखी नसल्यास अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे करार न करण्यात धोका मालकालाच अधिक. हे समजल्यावर मालक तयार झाले आणि अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन नोंदवला गेला. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही दिली गेली. पत्त्याचा पुरावा म्हणून हाच करार पुढे गॅस जोडणी आणि मुलाच्या शाळाप्रवेशाला उपयोगी पडला.

पुढे काय झाले

पहिल्या पावसाळ्यानंतरची स्थिती संमिश्र आहे. गृहस्थ पहिल्या पाळीला मुकुंदवाडीच्या हिशेबापेक्षा बरेच उशिरा उठू शकतात. मुलगी पायी जाते. आजीला ओटा मिळाला आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्याही. घाटीला ती सुनेबरोबर रिक्षाने जाऊन येते. पाण्याची वेळ मध्यंतरी बदलून पहाटेची झाली, तेव्हा मालकांनी स्वतःच मोटार सुरू करण्याचे काम घेतले. हे मात्र कुठल्याच हिशेबात धरलेले नव्हते.

तोटे मुलाच्या वाट्याला आले. गल्ली अरुंद, दुचाकींनी भरलेली, खेळायला मैदान जवळ नाही, आणि घरात त्याच्या अभ्यासाला कोपराही नाही. वेळापत्रके मांडताना त्याची शाळा तेवढी लिहिली गेली होती. शाळा सुटल्यानंतरचे त्याचे चार तास वहीत कुठेच नव्हते. रविवारी त्याला मामाकडे मुकुंदवाडीला पाठवतात. त्यामुळे भावाचा रागही निवळला आहे.

सातारा परिसरात घर विकत घेण्याचा विचार त्यांनी सोडलेला नाही. मुलीची बारावी होईपर्यंत पदमपुऱ्यातच राहायचे आणि दरम्यान नोंदणीकृत दस्त व मंजूर रेखांकन असलेलेच घर पाहायचे, असे ठरले आहे. मागच्या महिन्यात एक रो-हाऊस पाहायला ते मुद्दाम मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी गेले होते. रस्त्यावर पाणी होते, म्हणून आत न जाताच परतले.